स्क्रीनवर 14.5 दिसत होते

सहा जणांच्या कामाच्या फायली एकाच जागी असाव्यात म्हणून मी नॅस (नेटवर्कवरून सगळ्यांना वापरता येणारी डिस्कची पेटी) घ्यायचे ठरवले, तेव्हा आमचा सगळा डेटा 3.2 टेराबाइट होता. दोन कप्प्यांची पेटी आणि एकमेकींची प्रत ठेवणाऱ्या 6 टेराबाइटच्या दोन डिस्क एवढ्यात आमचे भागले असते. पण एका विक्रेत्याने तेवढ्याच बजेटमध्ये चार कप्पे, 4 टेराबाइटच्या चार कोऱ्या डिस्क आणि रेड 5 ची मांडणी (एक डिस्क बिघडली तरी डेटा वाचतो अशी) देऊ केली. इतरांकडे हाच संच दीडपट किमतीला होता. मी हुरळलो.

मांडणी झाल्यावर त्याने स्क्रीन माझ्यापुढे धरली. एकूण जागा 14.5 टेराबाइट. "सोळातले दीड सुरक्षिततेला गेले," असे तो म्हणाला आणि मी मान डोलावली. रेड 5 मध्ये एका अख्ख्या डिस्कएवढी जागा पॅरिटीला, म्हणजे बिघडलेल्या डिस्कवरचा डेटा पुन्हा उभा करणाऱ्या माहितीला, जाते. म्हणजे उरायला हवे होते 12, आणि 1024 च्या हिशेबाने (उत्पादक 1000 च्या पटीत मोजतात, स्क्रीन 1024 च्या) स्क्रीनवर दिसायला हवे होते 10.9. 14.5 दिसतात याचा अर्थ वजा काहीच झालेले नाही, ते रेड 0, म्हणजे कोणत्याही सुरक्षिततेविना चारही डिस्कवर डेटा वाटणारी मांडणी, आहे, आणि एक डिस्क गेली की सगळेच जाते. माझ्या बाजूने एवढेच सांगतो की 1024 मुळे तूट दिसणार हे मला ठाऊक होते, आणि तूट दिसली म्हणूनच मी निश्चिंत झालो. शिवाय रेड 5 ची पहिली जुळणी तासन्तास चालते. येथे गृहस्थ वीस मिनिटांत हात झटकून मोकळे झाले होते.

पाचव्या महिन्यात तिसऱ्या कप्प्याचा दिवा लाल झाला आणि ज्याची प्रत दुसरीकडे नव्हती ते 2.1 टेराबाइट कायमचे गेले. (रेड म्हणजे बॅकअप नव्हे, हे आता मला कोणी ऐकवू नये.) उरलेल्या डिस्कच्या स्मार्ट नोंदी (डिस्क स्वतःच्या वापराचा ठेवते तो हिशेब) उघडल्या, तर एकीचे चालू तास 27,412 निघाले, म्हणजे तीन वर्षांहून अधिक; पाच महिन्यांत ते 3,700 सुद्धा होत नाहीत. डिस्क हाती आल्या त्याच दिवशी हा आकडा पाहा. तो पुसता येतो, म्हणून अनुक्रमांकावरून उत्पादकाकडे वॉरंटीही तपासा.

पोलिसांनी विचारले, हॅक झाले का? नाही, मग हा दिवाणी वाद. ग्राहक तक्रारीच्या कार्यालयातील अधिकाऱ्याने, फायली रिसायकल बिनमध्ये पाहिल्या का, असे शांतपणे विचारले आणि नंतर बिलावर बोट ठेवले: "येथे 'स्टोरेज संच, 16 टीबी' असे आहे, आणि तुम्हाला 16 टीबी मिळाले आहे, मग फसवणूक कोठे झाली?" बिलावर रेडचा प्रकार, 'कोरी' हा शब्द आणि प्रत्येक डिस्कचा अनुक्रमांक लिहून घेतल्याशिवाय पैसे देऊ नका. डिस्क जुन्या असल्याचा तज्ज्ञाचा दाखला त्यांनी मागितला. तज्ज्ञाने उत्पादकाचे पत्र मागितले. आणि उत्पादकाने, हे अनुक्रमांक किरकोळ विक्रीचेच नाहीत म्हणून, पत्र नाकारले. अकरा आठवड्यांत सात खेपा झाल्या. चारही डिस्क पुरावा म्हणून जशाच्या तशा ठेवण्यास मला सांगण्यात आले आहे. त्या पाहायला अद्याप कोणीही आलेले नाही.