एन-९५ मास्क : आकड्यापेक्षा कडेची फट पाहावी

छत्रपती संभाजीनगरच्या औषध दुकानांत सध्या धुऊन वापरायचा कापडी मास्क, निळा तीनपदरी सर्जिकल मास्क आणि एन-९५ असे तीन प्रकार सहज मिळतात. मास्कची सक्ती एप्रिल २०२२ मध्येच उठली असली, तरी घरात दम्याचा त्रास असलेले वडील आहेत आणि त्यांना घेऊन घाटी या सरकारी रुग्णालयाच्या बाह्यरुग्ण विभागात वरचेवर जावे लागते, त्यामुळे हे तिन्ही प्रकार आमच्या घरात आजही वापरात आहेत. हवेतून पसरणाऱ्या विषाणूंपासून बचाव एवढ्या एकाच निकषावर पाहायचे, तर माझी पसंती डोक्यामागून दोन पट्टे जाणाऱ्या एन-९५ला आहे. कानात अडकवायच्या एन-९५ला मी ती देणार नाही.

विषाणू इतका सूक्ष्म असतो की तो कोणत्याही मास्कच्या छिद्रांतून आरपार जाणारच, असे पारावरच्या गप्पांपासून शिकल्यासवरलेल्यांच्या बैठकीपर्यंत सगळीकडे ऐकू येते. कोरोनाचा विषाणू साधारण ०.१ मायक्रॉनचा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) असतो हे खरे. पण तो हवेत सहसा सुटा फिरत नाही, तर श्वासावाटे बाहेर पडणाऱ्या, त्याहून मोठ्या कणांत बसून येतो. शिवाय एन-९५ म्हणजे पिठाची चाळणी नव्हे. त्याच्या मधल्या थरातील पॉलिप्रॉपिलीनच्या अतिसूक्ष्म धाग्यांवर स्थिर विद्युतभार असतो आणि जवळून जाणारे कण त्या धाग्यांकडे ओढले जाऊन चिकटतात. जड कण वळणावर धाग्यांना आदळतात, अगदी बारीक कण हवेत सैरभैर हलत असल्याने धाग्यांना धडकतात. अडवायला सर्वांत अवघड असतात ते या दोहोंच्या मधले, सुमारे ०.३ मायक्रॉनचे. म्हणूनच एन-९५ची चाचणी त्या आकाराच्या कणांवर होते आणि त्यांपैकी किमान ९५ टक्के कण अडणे बंधनकारक असते.

तीनपदरी मास्कच्या खोक्यावर छापलेला ९८ किंवा ९९ टक्क्यांचा आकडा याच्याशी ताडून पाहू नये. तो बहुधा जिवाणू अडवण्याच्या चाचणीचा असतो आणि त्या चाचणीतील थेंब सरासरी ३ मायक्रॉनचे, म्हणजे बरेच मोठे असतात. मास्कमध्ये पाणी ओतून ते गळत नाही हे दाखवणारे काही विक्रेते भेटतात. त्यातून पाणी अडते एवढेच सिद्ध होते.

तरीही तीनपदरी मास्क निरुपयोगी नाही. बांगलादेशातील सुमारे ६०० गावांत, तीन लाखांहून अधिक प्रौढांचा समावेश असलेला एक मोठा प्रयोग झाला. ज्या गावांत सर्जिकल मास्कचा प्रसार केला, तेथे लक्षणे असलेला आणि रक्ततपासणीत सिद्ध झालेला कोरोनाचा संसर्ग सुमारे ११ टक्क्यांनी कमी आढळला. साठीपुढच्या लोकांत ही घट सुमारे ३५ टक्के होती. कापडी मास्कचा तसा स्पष्ट लाभ दिसला नाही. विशेष म्हणजे प्रयोगाच्या गावांतही मास्क नीट लावणाऱ्यांचे प्रमाण ४२ टक्क्यांच्या आसपासच होते. आपल्याकडे तोंडाला गुंडाळतात ती दस्ती किंवा स्कूटीवर बांधतात तो स्कार्फ धुळीसाठी ठीक आहे, विषाणूसाठी त्याच्यावर विसंबू नये.

आता फटीविषयी. गाळणारा थर कितीही उत्तम असला, तरी हवा सोपी वाट शोधते, आणि नाकाच्या दोन्ही बाजूंना किंवा गालांवर फट राहिली की श्वासातील बरीचशी हवा न गाळताच आत येते. आमच्या भागातील एका दुकानातून घेतलेले, कानात अडकवायचे एन-९५ इतके सैल होते की चष्म्याच्या काचांवर लगेच वाफ धरत असे. आकड्याने ते एन-९५ असले, तरी वापरात तीनपदरी मास्कहून फारसे सरस नव्हते. डोक्यामागून पट्टे घेतले की मास्क चेहऱ्यावर चारी बाजूंनी दाबून बसतो. नाकावरची धातूची पट्टी दोन्ही हातांच्या बोटांनी दाबावी, मास्कवर तळवे ठेवून जोरात श्वास घ्यावा. मास्क किंचित आत ओढला गेला आणि श्वास सोडताना कडेने हवा लागली नाही, तर तो नीट बसला असे समजावे. भरघोस दाढी असेल, तर तो असा बसतच नाही.

खरेदी करताना भारतीय बनावटीच्या मास्कवर आयएसआय चिन्हासह आयएस ९४७३ हा क्रमांक आणि एन-९५च्या तोडीची एफएफपी२ ही श्रेणी पाहावी. अमेरिकी मान्यतेच्या मास्कवर टीसी-८४ए ने सुरू होणारा क्रमांक असतो. झडपेचा मास्क श्वास सोडायला सोपा असतो, पण बाहेर पडणारी हवा गाळत नाही. जुलै २०२० मध्ये केंद्राच्या आरोग्य सेवा महासंचालकांनी त्याच्या सरसकट वापराबद्दल राज्यांना पत्र लिहून सावध केले होते, ते याचसाठी. एन-९५ साबणाने धुऊ नये आणि त्यावर सॅनिटायझरही मारू नये, कारण धाग्यांवरचा विद्युतभार त्याने नाहीसा होतो. कागदी पिशवीत कोरडा ठेवून, आलटून पालटून वापरणे बरे.

उणीव आहे ती उकाड्याची. आमच्याकडच्या मे महिन्यात भरलेल्या एसटीत हा मास्क तासभर सोसणे कठीण जाते, घामाने तो ओला होतो आणि वडिलांसारख्या दमेकऱ्याला तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय तो लावायला सांगूच नये. आम्ही त्यांना खिडकीजवळची जागा आणि तीनपदरी मास्क देतो, आणि पट्ट्यांचा एन-९५ सोबत जाणारा लावतो.