चढ की गोफण? तिसऱ्या विमानवाहू नौकेवर कुठली बाजू घ्यावी

भारताने तिसरी विमानवाहू नौका विक्रांतसारखीच बांधावी, की चीनच्या फूजियानसारखी मोठी? खानापूरच्या आमच्या अभ्यासिकेत वादविवादाला हा विषय आलाय आणि पोरं बाजू ठरवू शकत नाहीत. बेळगावात मराठा लाइट इन्फंट्रीचं केंद्र, त्यामुळे घरोघरी पलटणीच्या गोष्टी. आरमार मात्र घाटाखाली कारवारला.

विक्रांत आणि चीनच्या पहिल्या दोन नौका, लियाओनिंग व शानडाँग, यांचा डेक पुढे वर उचललेला आहे. विमान स्वतःच्या इंजिनावर धावतं आणि त्या चढावरून झेपावतं. साधी रचना, पण वजनाला मर्यादा. उसाच्या दोन ट्रॉल्या चढाला ओढेनात की ट्रॅक्टरवाला एक मागे सोडतो. तसं इथे इंधन नाहीतर शस्त्रं कमी करावी लागतात.

फूजियानवर तीन विद्युतचुंबकीय कॅटापल्ट आहेत, म्हणजे विमान गोफणीसारखं भिरकावतात. ती 80,000 टनांची, विक्रांत सुमारे 45,000 टनांची. पण टनांपेक्षा मोठा फरक केजे-600 या टेहळणी विमानाचा. पाठीवर रडारची तबकडी असलेलं हे जड विमान उडवायला कॅटापल्ट लागतो. आपल्याकडे ते काम कामोव्ह-31 हेलिकॉप्टर करतं. ते ना तेवढं उंच जातं, ना तेवढा वेळ हवेत राहतं. शत्रू किती आधी दिसेल ते यावरच ठरतं. मोठ्या नौकेची बाजू घ्यायची तर सगळा भर इथेच द्या.

मी मात्र विक्रांतच्या बाजूने बोलेन. चीन फूजियानपर्यंत कसा आला ते बघा. युक्रेनमधला अर्धवट सांगाडा 1998 मध्ये विकत घेतला, तो दालियनच्या गोदीत पूर्ण केला, त्याची लियाओनिंग 2012 मध्ये सेवेत आली. पुढे त्याच गोदीत जवळपास तशीच शानडाँग बांधली, 2019 मध्ये. कॅटापल्टची फूजियान नोव्हेंबर 2025 मध्ये. मधली ती शानडाँग, म्हणजे आधीच्यासारखीच दुसरी नौका, आपल्याकडे अजून झालेलीच नाही. विक्रांतचा कणा 2009 मध्ये कोचीत ठेवला, नौका 2022 मध्ये सेवेत आली; तेरा वर्षांत तयार झालेल्या त्या हातांना पुढचं काम मिळालं नाही तर शिकलेलं विरून जाईल. आणि राफेल-एम या नौदलाच्या लढाऊ विमानाने 2022 मध्ये गोव्यात जमिनीवरच्या तशाच चढावरून उडून दाखवलंय, म्हणजे नवी विमानंही चालतात.

समोरचा म्हणेल, फूजियान शांघायला बांधली, दालियनला नाही. खरं आहे, ते मान्य करा. मग विचारा, तिच्यावर विमान उतरवणारे वैमानिक आणि डेकवरची माणसं कुठे घडली?