फिश टँकचा मेंटेनन्सवाला आणि दोन ग्लासांचा खेळ

घरात फिश टँक असेल आणि दर पंधरा दिवसांनी कोणी 'मेंटेनन्स'ला येत असेल, तर एवढं वाचाच. आमचे पैसे गेले, मासे गेले आणि सासरे बरेच दिवस म्हणत राहिले की माझ्याच हाताला गुण नाही.

आम्ही वाघोलीला राहतो. म्हणजे पाणी बोअरचं, नाहीतर टँकरचं. नळाच्या तोटीवर पांढरा थर, बादलीला पांढऱ्या कडा. हे मुद्दाम सांगतेय, कारण पुढचा सगळा धंदा त्या पांढऱ्या थराच्या जिवावर झाला.

सासऱ्यांसाठी अडीच फुटी टँक घेतला. गप्पी, मॉली आणि दोन गोल्डफिश. दुकानदारानेच माणूस जोडून दिला, महिना सहाशे रुपये. काम बघितलं तर कोणीही खूश होईल. मासे बादलीत, सगळं पाणी मोरीत, खडी टबात खसाखसा चोळलेली, आणि फिल्टरचा स्पंज नळाखाली धरून स्वच्छ पाणी निघेपर्यंत पिळलेला. जाताना टँक असा लख्ख की बघत राहावं. दोन-तीन दिवसांत मासे वर येऊन तोंडं उघडझाप करायला लागायचे, कल्ले लालभडक व्हायचे आणि सकाळी एखादा उलटा तरंगताना दिसायचा. फोन केला की ठरलेलं उत्तर: "इन्फेक्शन आहे वहिनी, येतो." मग निळं औषध. त्या औषधाने टँकच्या कोपऱ्यांतलं सिलिकॉन निळं झालंय, ते आजही तसंच आहे. औषधाचे पैसे वेगळे, मेलेल्या माशांच्या जागी नवे मासे आणायचा त्याचे वेगळे. नव्या माशांची पिशवी येतानाच गाडीच्या हँडलला लटकवलेली असायची. त्याला आधीच कसं कळायचं, हा प्रश्न सासूबाईंनी विचारला होता. आम्ही तो हसण्यावारी नेला.

मग एक दिवस त्याने पेनासारखा मीटर काढून टँकमध्ये बुडवला. टीडीएस, म्हणजे पाण्यात विरघळलेल्या क्षारांचा आकडा, 600 च्या वर. "काका, हे पाणी नाही, विष आहे. पटत नसेल तर दाखवतो." दोन ग्लास मागितले. एकात आमचं बोअरचं पाणी, दुसऱ्यात त्याच्या बाटलीतलं आरओचं. दोन्हींत सळ्या असलेलं एक यंत्र सोडलं आणि प्लग लावला. मिनिटाभरात आमचा ग्लास पिवळा, मग हिरवट, मग चहाच्या चोथ्यासारखा तपकिरी. आरओचा ग्लास जसाच्या तसा. सासरे बिचारे पांढरे पडले. साडेआठ हजारांचं 'एक्वेरियम आरओ' त्याच संध्याकाळी भिंतीवर लागलं, सोबत 'जिवंत बॅक्टेरिया' असलेली एक बाटली. तिच्यावर ना बॅच नंबर, ना एक्स्पायरी. टँक रिकामा करून सगळा आरओच्या पाण्याने भरला. त्या आठवड्यात मॉली एकूण एक गेल्या.

माझी भाची रत्नागिरीला शिरगावच्या मत्स्य महाविद्यालयात शिकलेली. ती आली, टँककडे बघितलं आणि पहिला प्रश्न: "मामी, स्पंज कोण धुतं?"

तिने जे समजावलं ते असं. मासा कल्ल्यांतून सतत अमोनिया सोडतो, उरलेलं खाणं कुजून त्यात भर पडते. स्पंजवर आणि खडीवर जे जीवाणू बसलेले असतात, त्यांतले काही अमोनियाचं नायट्राइट करतात, दुसरे त्याचं नायट्रेट. पहिली दोन्ही माशांना घातक. नायट्रेट त्या मानाने सौम्य, थोडं थोडं पाणी बदललं की आटोक्यात राहतं. ही वसाहत नव्या टँकमध्ये बसायलाच चार ते सहा आठवडे लागतात. आणि आमचा माणूस दर पंधरा दिवसांनी ती ब्लीचिंग पावडर मारलेल्या टँकरच्या पाण्याखाली धुऊन काढत होता. वर ते निळं औषध, तेही याच जीवाणूंच्या मुळावर येणारं. तिने पाच मिलिलिटर पाणी परीक्षानळीत घेतलं, किटमधले थेंब टाकले. अमोनिया नसेल तर पिवळं राहतं म्हणे. आमचं गडद हिरवं झालं.

आणि टीडीएस? तो मीटर पाण्यातून वीज किती वाहते त्यावरून विरघळलेल्या क्षारांचा अंदाज देतो. अमोनिया किती, नायट्राइट किती, क्लोरीन किती, यातलं काहीही तो सांगत नाही. गंमत म्हणजे गप्पी आणि मॉलींना क्षारांचं जड पाणीच मानवतं. त्यांना एका दिवसात जवळपास क्षार नसलेल्या पाण्यात टाकलं, तिथेच त्या गेल्या. शिवाय क्षार गेले की पाण्याचा पीएच, म्हणजे आम्लता दाखवणारा आकडा, सावरून धरणारं काही उरत नाही, तो घसरतो आणि उरलेसुरले जीवाणूही मंदावतात.

त्याला 'आणखी एक आरओ बघायचाय' म्हणून बोलावलं. तोच खेळ मांडायला लावला. भाचीने आरओच्या ग्लासात चिमूटभर मीठ टाकलं. बघता बघता तोही तपकिरी. कारण तो रंग पाण्यातल्या घाणीचा नसतोच, यंत्रातल्या लोखंडी सळीचा असतो. क्षार असले की वीज वाहते, सळी झिजते, लोखंडाचा गाळ दिसतो. आरओच्या पाण्यात वीजच नीट वाहत नाही, म्हणून ते स्वच्छ दिसतं. तो म्हणाला, "मॅडम, मीठ टाकल्यावर कशाचंही होईल!" भाची म्हणाली, "तेच तर म्हणतेय मी." पिण्याच्या पाण्याचे फिल्टर विकणारेही हाच खेळ करतात, तेव्हा मासे नसतील तरी हे ध्यानात ठेवा.

तुमच्याकडे कोणी येत असेल तर त्याला अमोनिया आणि नायट्राइट मोजायला सांगा, दोन्ही शून्य हवेत. नायट्रेट लिटरला 40 मिलिग्रॅमच्या खाली. किट नाही म्हणाला तर तिथेच विषय संपला. एका वेळी पाव ते तिसरा हिस्सा पाणी बदला, स्पंज टँकमधूनच काढलेल्या पाण्यात हलका पिळा. नव्या पाण्यातलं क्लोरीन घालवायला दीडशेची तयार बाटली लागत नाही. सोडियम थायोसल्फेटचे पांढरे खडे, जुने फोटोग्राफर ज्याला हायपो म्हणायचे, दुकानात स्वस्तात सुटे मिळतात. आणि मासे मेले की बदली मासे त्याच माणसाकडून घेऊ नका. ज्याची कमाई माशांच्या मरण्यावर आहे तो त्यांना का जगवेल?

पक्कं बिल त्याने कधीच दिलं नव्हतं, नुसती चिठ्ठी, तीही नाव नसलेली. यूपीआयने दिलेल्या पैशांची नोंद मात्र होती. तिचे स्क्रीनशॉट आणि भिंतीवरच्या यंत्राचे फोटो जोडून राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर, 1915 ला, तक्रार नोंदवली. दुकानदाराने आरओ परत नेलं आणि पाच हजार दिले. बाकीच्या पैशांबद्दल 'बघू' म्हणालाय. सोसायटीच्या बी विंगमध्ये तोच माणूस अजून जातो, म्हणून ग्रुपवर न टाकता हे सविस्तर लिहिलं.