आर१५ व्ही२ ला प्लग कुठला टाकावा, कोकणात चालवून बघितलेल्याचा अनुभव

गाडी यामाहा आर१५ व्ही२ बाईक, घर रत्नागिरीत मांडवीला, म्हणजे समुद्र अगदी हाकेवर आणि खाऱ्या हवेने वर्षभर काही ना काही गंजतच असतं. रोजचं चालवणं साळवी स्टॉप आणि मारुती मंदिरच्या मध्येच, दोन-तीन किलोमीटर, आणि रविवार मिळाला की आरे-वारे मार्गे गणपतीपुळे नाहीतर आंबा घाट. हे आधी सांगतोय कारण स्पार्क प्लगचा, म्हणजे इंजिनात पेट्रोल पेटवायला ठिणगी पाडतो त्याचा, सगळा खेळ गाडी कशी चालते त्यावर आहे, गाडी स्पोर्टी दिसते म्हणून स्पोर्टी प्लग टाकायचा असं नसतं.

या गाडीला कंपनीकडून येणारा प्लग आहे एनजीके या ब्रँडचा सीआर८ई, गॅप म्हणजे ठिणगी पडते ती फट ०.७ ते ०.८ मिमी. त्या नंबरातच सगळी माहिती असते, सी म्हणजे आटे १० मिमीचे आणि पाना १६ चा, आर म्हणजे आत रेझिस्टर, ८ ही हीट रेंज, म्हणजे प्लग उष्णता किती पटकन सोडतो ते, आणि ई म्हणजे आट्याची लांबी १९ मिमी. यातले आटे चुकले तर प्लग बसणारच नाही, लांबी जास्त झाली तर पिस्टनला लागेल, पण मधला आकडा चुकला तर प्लग छान बसतो, गाडी चालू पण होते, आणि त्रास नंतर कळतो.

माझं तेच झालं. गेल्या वर्षी एका दुकानात सीआर८ई संपला होता, काउंटरवरच्या माणसाने सांगितलं ९ नंबर घ्या, रेसिंगवाले हाच वापरतात, पिकअप वाढेल. घेतला. पंधरा दिवस काही वाटलं नाही, मग सकाळी सेल्फ दोन-तीनदा मारावा लागायला लागला, सिग्नलला गाडी धडधडायची, आणि हळू चालवताना मिसिंग, म्हणजे ठिणगी मध्येच चुकून झटके. प्लग खोलला तर चिनी मातीचा भाग काळाकुट्ट, बोटाला कोरडी काजळी लागली, चुलीवरच्या टोपाच्या बुडासारखी. कारण अगदी सरळ आहे, एनजीकेत आकडा वाढला की प्लग थंड होतो, म्हणजे उष्णता पटकन हेडकडे, इंजिनाच्या वरच्या भागाकडे, सोडतो. प्लगचं टोक साधारण ४५० डिग्रीच्या वर गेलं की काजळी स्वतःच जळून जाते, ८५० च्या पुढे गेलं तर ठिणगीच्या आधीच पेट्रोल पेटायची भीती. सतत रेव्ह खेचणाऱ्या ट्रॅकच्या गाडीला थंड प्लग बरोबर आहे, पण दोन किलोमीटरच्या फेरीत तो तापतच नाही, काजळी साचते आणि करंट काजळीवरून पळून जातो, ठिणगी कमजोर. प्लगमध्ये दोष काहीच नव्हता, माझ्या चालवण्याला तो चुकीचा होता. आणि हो, दुसऱ्या कंपनीचा घ्यायचा असेल तर आकडा बघून घेऊ नका, डेन्सोचा २४ म्हणजे एनजीकेचा ८, आणि बॉशमध्ये तर उलटं, आकडा वाढला की प्लग गरम.

मग इरिडियम धातूच्या टोकाचा प्लग टाकून बघितला, सीआर८ईआयएक्स, हीट रेंज तीच ८. मधलं टोक फक्त ०.६ मिमीचं, हातात घेतलं की टाचणीसारखं दिसतं. एवढ्या बारीक टोकाला ठिणगीसाठी व्होल्टेज कमी लागतं, आणि इरिडियम २४०० डिग्रीच्या वर वितळतं म्हणून झिजत पण लवकर नाही. फरक जाणवला तो पावसातल्या थंड सकाळी, पहिल्या सेल्फला चालू, आयडल एकदम गुळगुळीत. पण टॉप स्पीड किंवा घाटातल्या ताकदीत मला काहीच फरक दिसला नाही, आंबा घाट त्याच गिअरमध्ये चढते. किंमत साध्याच्या तीन-चार पट, आणि यात फक्त मधलं टोक इरिडियमचं आहे, बाजूची पट्टी निकेलचीच, त्यामुळे जन्मभर टिकेल अशी अपेक्षा ठेवू नका. घ्यायचा तर सोप्या स्टार्टिंगसाठी घ्या. गॅपसाठी त्या टोकाला हात लावायचा नाही आणि तारेच्या ब्रशने घासायचा तर अजिबात नाही.

आपल्याकडची खरी गोष्ट वेगळीच आहे. जुलैत इरिडियम असताना पण गाडी मिसिंग मारायला लागली, मी परत प्लगवरच संशय घेतला, तर निघालं असं की प्लग कॅपच्या, म्हणजे प्लगवर बसते त्या वायरच्या टोपीच्या, रबराला चीर पडली होती आणि आत पाणी, पितळी क्लिपवर हिरवा गंज चढलेला. कॅप बदलली, मिसिंग बंद. कोकणात राहणाऱ्याने नवा प्लग घ्यायच्या आधी कॅप काढून आत बघावंच, निम्म्या वेळा उत्तर तिथेच असतं.

बसवताना एक काळजी घ्या. आरे-वारेची वाळू प्लगच्या खड्ड्यात बसलेली असते, आधी हवा मारून घ्या, नाहीतर प्लग काढताच ती सिलेंडरात. इंजिन पूर्ण थंड हवं. आटे हातानेच शेवटपर्यंत फिरवा, मग नवा प्लग असेल तर पान्याने अर्धा फेरा, टॉर्क पाना असेल तर १० ते १२ न्यूटन मीटर. हेड ॲल्युमिनियमचं आहे, जोर लावला तर आटे जातात आणि तो खर्च प्लगच्या कितीतरी पट. नकली पण मिळतात, अस्सल प्लगची वॉशर हाताने सहज निघून येत नाही, ती बघूनच पैसे द्या. मित्राची पल्सर आरएस२०० आहे, तिला तीन प्लग, त्याने तर हे सगळं तिप्पट जपावं.

सध्या गाडीत परत साधा सीआर८ई आहे. काल खोलून बघितला, टोक भाजलेल्या काजूच्या सालीसारखं फिकट तपकिरी, कोरडं. इरिडियम पुसून डबीत ठेवलाय, मिरगाच्या आधी नव्या कॅपसोबत तोच बसवणार.