झिंक ऑक्साइडचं रॅश क्रीम: कुठे चालतं, कुठे नाही

बाळाच्या डायपर रॅशसाठीची, म्हणजे डायपरखाली लाल होणाऱ्या कातडीवर लावायची ट्यूब हातात घेतल्यावर आधी टक्के वाचा. झिंक ऑक्साइड १०-१५ टक्के असेल तर ते रोजच्या वापराचं; ४० टक्के असेल तर ती घट्ट पेस्ट, ढुंगण लाल झाल्यावर लावायची. काम दोन्हींचं एकच: शी-शू आणि कातडी यांच्यामध्ये आडोसा धरणं. ते कातडीत मुरण्यासाठी नसतंच, त्यामुळे चोळून जिरवलं की फुकट गेलं.

४० टक्केवाली पेस्ट बोटाला चिकटते, पसरत नाही, पण गुण तिचाच जास्त. कोमट पाण्यात भिजवलेल्या कापसाने जागा पुसा, टिपून कोरडी करा, जमेल तेवढा वेळ उघडी ठेवा आणि मग खालची लाली दिसणार नाही इतका जाड थर द्या. ‘निघता निघत नाही’ ही हिच्याबद्दलची नेहमीची तक्रार. काढायची गरजच नाही! पुढच्या वेळी फक्त माखलेला वरचा थर पुसायचा आणि त्यावरच नवा द्यायचा. घासून काढण्यात सोललेली कातडी आणखी सोलवटते. अगदीच काढायची असेल तर कापसावर मिनरल ऑइल (पातळ पॅराफिन तेल) घ्या.

डायपर दर दोन-तीन तासांनी आणि शी झाली की लगेच बदलला नाही, तर कुठलीच ट्यूब पुरी पडणार नाही. कापडी लंगोटाला मात्र ही पेस्ट बसते आणि त्याची शोषण्याची ताकद कमी होते. आत पातळ लायनर (अस्तराचा सुटा तुकडा) घालावा. सुगंधी प्रकार घेऊ नका.

जांघेच्या घडीत गडद लाली आणि कडेला सुटे बारीक लाल ठिपके दिसले तर ती बहुधा बुरशी, कॅन्डिडा. अँटिबायोटिकनंतर हे बरेचदा दिसतं. इथे झिंक एकटं हरतं. डॉक्टरांनी दिलेलं बुरशी मारणारं मलम आधी, पातळ, वरून झिंक. स्टेरॉइड मिसळलेलं मलम मात्र मनाने लावू नये, बंद डायपरखाली ते कातडीतून जास्त आत जातं. टाल्कम पावडरही नको, ती बाळाच्या श्वासात जाते.

दोन-तीन दिवसांत उतार नसेल तर डॉक्टरांना दाखवा. पू भरलेले फोड, पसरत जाणारी लाली किंवा ताप असेल तर त्याच दिवशी न्या; नवजात बाळाला ३८ अंश सेल्सिअस किंवा जास्त ताप असेल तर ताबडतोब.