स्टीलचा पर्कोलेटर: आठ महिने रोज वापरल्यावर

पर्कोलेटर म्हणजे कॉफी करायची एक किटली. आधी नावाचा घोळ. ऑनलाइन ‘पर्कोलेटर’ शोधलं की बरेचदा मोका पॉटच (वाफेच्या दाबावर चालणारं कॉफीचं भांडं) समोर येतो, आणि आपल्याकडे काही जण साउथ इंडियन फिल्टरलाही पर्कोलेटर म्हणतात. तिन्ही वस्तू वेगळ्या. पर्कोलेटरच्या किटलीत मधोमध पोकळ नळी, नळीवर भोकांची वाटी, वाटीवर भोकांचीच झाकणी, आणि वरच्या झाकणाला काचेची मूठ. तळाचं पाणी उकळलं की वाफेचे बुडबुडे ते नळीतून वर ढकलतात, ते झाकणीवर पसरतं, पावडरीतून गळतं आणि परत तळाला जातं. मोका पॉटमध्ये पाणी दाबाने एकदाच पावडरीतून जातं. इथे तयार झालेली कॉफीच पुन्हा पुन्हा फिरते, आणि चांगलं-वाईट जे काही आहे ते त्या फिरण्यामुळेच.

जमलेलं प्रमाण असं: ७५० मिली गार पाणी, ४५ ग्रॅम मध्यम भाजलेली कॉफी, दळण लापशीच्या रव्याएवढं जाड. पाण्याची पातळी वाटीच्या खालीच हवी. पावडर भरण्याआधी वाटी ओली केली की बारीक कण चिकटून राहतात, खाली कमी पडतात. पहिला ‘डुबुक’ ऐकू आला की गॅस लगेच अगदी बारीक करायचा आणि तिथून घड्याळ लावायचं. दर दोन-तीन सेकंदांनी एक उसळी, एवढाच वेग. काचेत आधी स्वच्छ पाणी उडताना दिसतं, मग फिकट पिवळं, मग गुळाच्या पाण्यासारखं. ६ ते ७ मिनिटांत बंद. त्यानंतर वाटी नळीसकट बाहेर काढायची, नाहीतर चोथ्यातून कडवट थेंब गळत राहतात. हाताला साधारण ६५० मिली येते, बाकीचं चोथा पितो.

गॅस मोठा राहिला तर दोन मिनिटांत वाट लागते. पाणी भसाभस वर येतं, वाटी काठोकाठ भरून सांडते, चोथा कॉफीत उतरतो आणि चव जळकट-तुरट होते. कॉफीसाठी ९२ ते ९६ अंशांचं पाणी चांगलं. पर्कोलेटर उकळत्याच्या आसपासच चालतो, त्यामुळे हलका सुगंध बराचसा हवेत जातो. घरभर दरवळतो तो हाच, कपात न उतरलेला.

फिल्टर कॉफीची तयार पावडर यात घालू नये. ती बारीक असते, भोकं बुजतात, कपाच्या तळाशी गाळ बसतो. शिवाय तिच्यात बहुतेकदा मिसळलेल्या चिकोरीचा (भाजलेल्या मुळाची पूड) रंग झटकन उतरतो, त्यामुळे काचेत बघून अंदाज घेणारा हमखास फसतो.

दुधाची कॉफी पिणाऱ्या घरात हा घेऊच नये, असं माझं स्पष्ट मत. निघते ती कॉफी पातळ, डिकॉक्शन (फिल्टरमधून उतरणारा दाट अर्क) नव्हे. निम्मं दूध घातलं की नुसता रंग उरतो. काळी पिणारे चार-पाच जण असतील तर मात्र याला तोड नाही: एका वेळी सगळ्यांची, वाफाळती, कागदी फिल्टर नको, वीज नको. एकट्यासाठी एक मग करायला जाल तर पाणी इतकं कमी पडतं की नळीच्या टोकापर्यंत धड चढतच नाही.

उसळ्या मंदावल्या तर आधी नळीचा पाया तळावर नीट टेकलाय का ते पाहा. टेकला असेल तर क्षार. बोअरच्या पाण्याने पायाशी पांढरा थर धरतो. लिटरभर पाण्यात एक मोठा चमचा लिंबूसत्त्व घालून उकळलं की सुटतो. नळी आतून बारीक ब्रशनेच घासावी लागते. तिथे कॉफीचं तेल साचून खवट होतं, आणि तो वास चांगल्या पावडरीलाही लागतो. धुतल्यावर झाकण उघडंच ठेवा. लहान बुडाची किटली गॅसच्या शेगडीवर डुगडुगते, त्यासाठी वर एक छोटी जाळी लागते. इंडक्शनवर चालवायचा असेल तर विकत घेताना तळाला चुंबक लावून बघा.