इंदूरचा अकरा महिन्यांचा तयार किरायेनामा: घरासाठी चालेल, दुकानासाठी नको

इंदूरमध्ये जिल्हा न्यायालयाच्या आसपास, किंवा वस्तीतल्या टायपिंगच्या दुकानातही, किरायेनामा तासाभरात हातात पडतो. ई-स्टाम्प, हिंदीत टाइप केलेली दोन-तीन पानं, 'प्रथम पक्ष', 'द्वितीय पक्ष', दोन साक्षीदारांच्या सह्या आणि नोटरीचा शिक्का. पत्त्याचा पुरावा किंवा पोलीस ठाण्यातली नोंद यांसारख्या कामांसाठी ही सेवा चोख आहे. मात्र यातली जी कलमं मालकाला सर्वांत पक्की वाटतात, तीच न्यायालयात सर्वांत आधी गळून पडतात.

पहिलं कलम बेदखलीचं. जवळपास प्रत्येक नमुन्यात लिहिलेलं असतं की मुदत संपताच द्वितीय पक्ष 'बिना किसी आपत्ति' घर रिकामं करेल. इंदूरला मध्य प्रदेश स्थान नियंत्रण अधिनियम, १९६१ लागू आहे, आणि त्याचं कलम १२ स्पष्ट सांगतं की करारात काहीही असलं तरी बेदखलीचा दावा त्यात दिलेल्या कारणांवरच करता येतो. किराया थकवणं, परवानगीशिवाय पोटभाडेकरू ठेवणं, मालकाला स्वतः राहायला किंवा धंद्याला जागेची खरी गरज असणं, इमारत धोकादायक होणं, अशी ती कारणं. 'अकरा महिने संपले' हे कारण त्या यादीत नाही. म्हणून हे कलम असलं तरी गरज असेल तर ती सिद्ध करावीच लागते. घर नुकतंच विकत घेतलं असेल, तर स्वतःच्या गरजेच्या कारणावर खरेदीपासून एक वर्ष दावाच चालत नाही. जुन्या भाडेकरूसकट रामबागेतला वाडा घेणाऱ्यांनी हे सौद्याआधी वाचावं.

दुसरं कलम थकबाकीचं: 'दोन महिने किराया न दिल्यास प्रथम पक्ष ताला लगा सकेगा.' हे लिहून घेणं निरुपयोगी आहे, आणि अमलात आणणं मालकालाच महागात पडतं. जबरदस्तीनं बाहेर काढलेला भाडेकरू विशिष्ट अनुतोष अधिनियम, १९६३ च्या कलम ६ खाली सहा महिन्यांच्या आत दावा लावून ताबा परत मिळवू शकतो. वीज-पाणी तोडायलाही कायद्यात मनाई आहे. योग्य वाट अशी: थकबाकीची लेखी मागणी-नोटीस बजावायची, बजावल्यापासून दोन महिन्यांत पूर्ण रक्कम आली नाही की दावा लावायचा. भाडेकरूलाही बचाव आहे. समन्स मिळाल्यापासून एका महिन्यात थकबाकी न्यायालयात जमा केली आणि पुढे दर महिन्याच्या १५ तारखेपर्यंत किराया भरत राहिला, तर या कारणावर बेदखली टळते. ही सवलत एकदा घेऊन पुन्हा सलग तीन महिने किराया थकवला, तर ती दुसऱ्यांदा मिळत नाही. तयार नमुन्यांत यातलं काहीच नसतं, आणि नोटीस कोणत्या पत्त्यावर पाठवायची तो पत्ताही अनेकदा अर्धवट असतो. भाडेकरूचा मूळ गावचा पूर्ण पत्ता टाइप करून घ्याच.

विधवा, घटस्फोटित स्त्री, दिव्यांग किंवा सरकारी नोकरीतून निवृत्त मालकांसाठी याच कायद्यात वेगळी, जलद वाट आहे: कलम २३-अ खाली थेट भाडे नियंत्रण प्राधिकाऱ्याकडे अर्ज. पेन्शनरांची संख्या एवढी मोठी असलेल्या शहरात ही तरतूद फार थोड्यांना ठाऊक असते, याचं वाईट वाटतं.

अकरा महिनेच का, याबद्दल दुकानात जे सांगतात ते बहुधा चुकीचं असतं. खरं कारण नोंदणी अधिनियम, १९०८ चं कलम १७: एका वर्षाहून जास्त मुदतीचा पट्टा (भाडेकरार) रजिस्टर करणं सक्तीचं आहे. बारा वर्षं राहिला की भाडेकरू मालक होतो, ही भीती निराधार आहे. भाडेकरूचा ताबा मालकाच्या परवानगीचा असतो, आणि भाडेकरू म्हणून राहताना त्याला मालकी नाकारता येत नाही.

पुण्याच्या नातेवाइकानं पाठवलेला लिव्ह अँड लायसन्सचा मराठी नमुना इथे वापरू नका. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्यात (१९९९) कलम २४ आहे, मुदत संपल्यावर लायसन्सधारकाकडून लवकर ताबा मिळवून देणारं. मध्य प्रदेशच्या कायद्यात तसं काही नाही. इथलं न्यायालय शीर्षकापेक्षा व्यवहाराचं स्वरूप पाहतं: कुलूप-किल्ली पूर्णपणे राहणाऱ्याकडे आणि दरमहा किराया असेल, तर तो भाडेपट्टाच समजला जातो.

दुकानासाठी हा कागद नको, असं ठाम मत आहे. राजवाड्याजवळ किंवा विजय नगरात फर्निचरवर मोठा खर्च करणारा दुकानदार तीन वर्षांचा लॉक-इन (तेवढ्या काळात करार मोडायचा नाही ही अट) मागतो, आणि टायपिस्ट तो साध्या स्टाम्पवर नोटरी करून देतो. नोटरी म्हणजे रजिस्ट्री नव्हे. असा दस्त रजिस्टर नसेल तर लॉक-इन किंवा किरायावाढ सिद्ध करायला तो पुरावा म्हणून चालत नाही, आणि निवासाच्या किंवा दुकानाच्या जागेचा मासिक किराया धरून मालमत्ता हस्तांतरण अधिनियमाखाली भाडेकरूला सोडून जायला पंधरा दिवसांची नोटीस पुरू शकते. स्टाम्प कमी असला तर तूट आणि दंड भरेपर्यंत न्यायालय कागदाकडे पाहत नाही. अशा करारासाठी राज्याच्या नोंदणी विभागाच्या संपदा पोर्टलवरून रजिस्ट्रीच करावी.

घरासाठी तयार नमुना घेतलात तर टायपिस्टला थांबवून एवढं घालून घ्या. सब-मीटरचं त्या दिवशीचं रीडिंग आणि युनिटचा दर. नर्मदा जलकर आणि कचरा शुल्क कोण भरणार. संपत्ती कर मालकानंच भरावा, कारण घर किरायानं दिल्यावर स्वतः राहण्याची सवलत जाते आणि तो फरक नंतर भांडणाला निमित्त होतो. डिपॉझिट किती दिवसांत परत, आणि वापरातली साधारण झीज त्यातून कापायची नाही, हे स्पष्ट शब्दांत. वर्षाला एक लाखाहून जास्त किराया देणाऱ्या नोकरदारानं एचआरएसाठी (घरभाडे भत्त्यावरच्या करसवलतीसाठी) मालकाचा पॅनही त्यातच लिहून घ्यावा.

पोलीस आयुक्तालयाकडून भाडेकरूंची माहिती ठाण्यात देण्याचे आदेश निघतात. न दिल्यास भारतीय न्याय संहितेच्या कलम २२३ खाली गुन्हा मालकावर नोंदवला जातो. टायपिंगवाला ही माहिती देत नाही. पोलिसांच्या सिटिझन पोर्टलवर भाडेकरूची माहिती भरून पावतीची प्रिंट किरायेनाम्यालाच टाचून ठेवावी, आणि भाडेकरूनं झेरॉक्सवर समाधान न मानता प्रत्येक पानावर दोघांच्या सह्या असलेली दुसरी प्रत मागून घ्यावी.